पोर्तुगालमध्ये कुठला विषय कुठल्या मातीत रुजलाय

विचारणारीचा प्रश्न थोडक्यात असा: "माझं एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झालंय, मैत्रिणीचं एम.ए. इतिहासात. दोघींना पोर्तुगालमध्ये पीएचडी करावीशी वाटते. पण जागतिक क्रमवारीत तिथली विद्यापीठं वरच्या पानावर दिसत नाहीत. तिथे कोणकोणत्या विषयांत संशोधन चालतं, आणि त्यात किती दम आहे?"

मी आवेइरो विद्यापीठात सिरॅमिक्समध्ये पीएचडी केली आणि गेली सतरा वर्षं याच देशात संशोधनात आहे. नव्या विद्यार्थ्यांचे अर्ज वाचणं हा आता माझ्या कामाचाच भाग झालाय. त्या अनुभवावरून सांगते: क्रमवारी आधी बाजूला ठेवा. क्रमवारी विद्यापीठाची लागते, आणि इथलं संशोधन उभं आहे ते संशोधन केंद्रांवर. देशभरात अशी तीनशेहून जास्त केंद्रं आहेत. विज्ञान आणि तंत्रज्ञान प्रतिष्ठान, म्हणजे इथे सगळे ज्याला एफसीटी म्हणतात ती सरकारी संस्था, काही वर्षांनी बाहेरच्या देशांतल्या परीक्षकांकडून त्यांची तपासणी करून घेत आली, श्रेणी देत आली, आणि त्या श्रेणीवर पुढचा निधी ठरत आला. एकच केंद्र चार-पाच विद्यापीठांत पसरलेलं असू शकतं. सागरी विज्ञानातलं 'मारे' हे तसंच आहे. त्यामुळे ज्या विद्यापीठाचं नाव तुम्ही कधी ऐकलं नाही, तिथे एखाद्या विषयातलं युरोपात नावाजलेलं केंद्र सापडतं. उलट नामांकित विद्यापीठात तुमच्या विषयाचं केंद्र जेमतेम चाललेलं असतं.

दुसरी गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली. इथे विषयांची विविधता फार आहे, पण ती सगळीकडे सारखी पसरलेली नाही. प्रत्येक गावाच्या मातीने, समुद्राने, कारखान्याने किंवा जुन्या दप्तराने आपापला विषय धरून ठेवलाय.

माझंच उदाहरण घ्या. आवेइरोत सिरॅमिक्सच का? शेजारच्या इल्यावोत व्हिस्ता अलेग्रेचा पोर्सिलेनचा कारखाना १८२४ पासून चालू आहे आणि आसपास फरशा-टाइल्सचे कारखाने आहेत. १९७३ साली विद्यापीठ स्थापन झालं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत सिरॅमिक्स आणि काच यांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्या महिन्यात मला प्रयोगशाळेत बसूच दिलं नाही. आधी भट्टीवर जा, माल का तडकतो ते कामगारांना विचार, म्हणाल्या. तिथल्या एका वयस्कर कारागिराने हातात तडकलेली फरशी देऊन जे दाखवलं, ते माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं बीज ठरलं.

हेच सूत्र घेऊन नकाशा वाचा. मिन्यो विद्यापीठाच्या गिमारायश आवारात वस्त्र आणि पॉलिमर अभियांत्रिकी जोरात आहे, कारण आव्हे नदीचं खोरं म्हणजे कापड गिरण्यांचा पट्टा. कोव्हिल्यां हे डोंगरातलं लोकरीचं गाव. अठराव्या शतकातल्या राजाच्या कापड कारखान्याच्या इमारतीत आज तिथलं विद्यापीठ आहे, आणि जुन्या रंगशाळेत त्यांचं लोकरीचं संग्रहालय. व्हिला रियालच्या विद्यापीठात द्राक्ष आणि वाइन यांचं शास्त्र, कारण खाली दौरो नदीचे मळे आहेत, १७५६ सालीच सीमा आखून दिलेले. दक्षिणेत फारोला सागरी जीवशास्त्र: तिथल्या रिया फोर्मोसा खाडीत एके काळी समुद्रघोड्यांची जगातली सर्वांत दाट वस्ती नोंदली गेली होती, मग ती घसरली, आणि ती का घसरली याचा माग काढणारे लोक तिथेच बसलेत. अझोर्स बेटांवर ज्वालामुखी आणि खोल समुद्र. फायाल बेटावर कापेलिन्यूशचा उद्रेक १९५७-५८ मध्ये झाला. त्याने तयार केलेल्या राखेच्या जमिनीवर आजही माणसं मोजमापं घेत हिंडतात.

या मांडणीमागे इतिहास आहे. देशातल्या पहिल्या विद्यापीठाची स्थापना १२९० सालची, लिस्बनमध्ये. १५३७ पासून ते कायमचं कोइंब्राला. एव्होराला जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाचं दुसरं विद्यापीठ १५५९ मध्ये निघालं, पण १७५९ मध्ये जेझुइटांना देशाबाहेर घालवलं तेव्हा ते बंद पडलं. त्यानंतर १९११ पर्यंत, म्हणजे दीडशे वर्षं, अख्ख्या देशाला एकच विद्यापीठ. लिस्बन आणि पोर्तोची विद्यापीठं प्रजासत्ताक आल्यावरची. आणि मिन्यो, आवेइरो, नोव्हा द लिश्बोआ ही नव्या विद्यापीठांची फळी १९७३ मध्ये कायद्याने आखली गेली, हुकूमशाही कोसळायच्या जेमतेम वर्षभर आधी. म्हणजे बहुतेक विषयांतलं इथलं संघटित संशोधन जेमतेम पन्नास वर्षांचं आहे. त्याला बळ दिलं ते जुझे मारियानो गागो या भौतिकशास्त्रज्ञाने. १९९५ पासून दोन टप्प्यांत बारा वर्षांहून अधिक काळ ते विज्ञानमंत्री होते. एफसीटी त्यांच्याच काळात, १९९७ मध्ये निघाली. तरुण डॉक्टरेटवाल्यांना परदेशी पाठवायचं, परत आणायचं आणि विज्ञान शाळेपर्यंत न्यायचं हा त्यांचा ध्यास होता. २०१५ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या विभागात मोठमोठी माणसं रडताना मी पाहिली.

आता वनस्पतिशास्त्राकडे येते, कारण तुमच्यासाठी इथे खरंच सोनं आहे, आणि ते झाडाच्या सालीत आहे.

सोब्रेइरो, म्हणजे बुचाचा ओक. जगातलं निम्म्याच्या आसपास बूच पोर्तुगाल पिकवतो. झाड साधारण पंचवीस वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल काढतात, मग दर नऊ वर्षांनी. पहिल्या दोन खेपांची साल बाटलीच्या बुचाला चालत नाही. तिसऱ्या खेपेची चालते. म्हणजे लावणाऱ्याच्या हयातीत चांगलं बूच मिळेलच असं नाही. साल काढली की बुंध्यावर रंगाने एक आकडा लिहितात, त्या वर्षाचा शेवटचा अंक. दक्षिणेतल्या आलेंतेजू प्रांतातल्या रस्त्याने जाताना तांबूस बुंध्यांवर ६, ३, ८ असे आकडे दिसतात आणि पुढच्या खेपेचं वर्ष आपोआप कळतं. झाड मरत नाही, साल पुन्हा धरतं. हे कसं होतं, हाच एक मोठा संशोधनाचा विषय आहे.

या एका झाडावर किती शाखांची माणसं काम करतात पाहा. लिस्बनच्या कृषी संस्थेत सालीची वाढ, वर्षवलयं आणि दुष्काळाचा परिणाम अभ्यासतात. बेजाच्या जैवतंत्रज्ञान केंद्रातल्या लोकांनी इतर संस्थांबरोबर या झाडाच्या जनुकसंचाचा पहिला मसुदा २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. एव्होरा विद्यापीठात 'मोंतादो' ही सगळी व्यवस्था एकत्र अभ्यासली जाते: विरळ ओक, खाली गवत, त्यात चरणारी गुरं आणि ओकची फळं खाणारी काळी डुकरं. तिथे मातीतली बुरशी तपासणारा आणि जमीनमालकांच्या मुलाखती घेणारा समाजशास्त्रज्ञ एकाच प्रकल्पात असतात. आमच्या आवेइरोत रसायनवाले सालीतल्या सुबेरिनच्या, म्हणजे पाणी आत शिरू न देणाऱ्या द्रव्याच्या, आणि कारखान्यात वाया जाणाऱ्या भुकटीच्या मागे. झाडं वाळत चालली आहेत हा या सगळ्यांना जोडणारा घोर. मुळं कुजवणारा फायटॉफ्थोरा, लांबलेले उन्हाळे, जमिनीची चुकीची नांगरट, यांतलं कुठलं कारण किती, यावर वाद चालू आहे. तुम्ही वनस्पतिविकृतीशास्त्र किंवा परिसंस्था यांपैकी काही केलं असेल, तर एव्होराचं दार आधी ठोठवा.

आगीचा विषयही असाच. १७ जून २०१७ ला पेद्रोगाओ ग्रांदेच्या वणव्यात ६६ माणसं गेली, त्यांतली बरीचशी पळून जाताना रस्त्यावर गाड्यांत अडकून. त्या उन्हाळ्यात मी इथेच होते. आवेइरोवरसुद्धा आकाश तपकिरी झालं होतं. कोइंब्रा विद्यापीठाच्या गटाची लोउझां इथे वणव्यांची प्रयोगशाळा कितीतरी आधीपासून आहे. उतारावर आग कशी वेग घेते, ते तिथे खरोखरीच्या ज्वाळा पेटवून मोजतात. पण २०१७ नंतर सगळ्यांनाच कळलं की हा नुसता भौतिकशास्त्राचा प्रश्न नाही. निलगिरीच्या लागवडीचं वनशास्त्र, ओस पडलेल्या गावांचं समाजशास्त्र, उत्तरेतल्या चिंधीएवढ्या जमिनींची मालकी कुणाची हे ठरवणारा कायदा, आणि वाचलेल्यांचं मानसशास्त्र, या सगळ्यांवर तेव्हापासून प्रबंध येत आहेत. एका देशाने आपल्या दुःखाचा इतका बारीक अभ्यास करावा, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता तुमच्या मैत्रिणीसाठी, म्हणजे इतिहासासाठी.

लिस्बनमध्ये तोरे दो तोंबो हे राष्ट्रीय अभिलेखागार आहे आणि समुद्रापारच्या वसाहतींचं वेगळं अभिलेखागार आहे. तोरे दो तोंबोत 'मोसमाची पुस्तकं' म्हणून साठाहून जास्त खंड आहेत: दर वर्षी मोसमी वाऱ्यांबरोबर जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांतून राजा आणि गोव्याचा व्हाइसरॉय यांच्यात झालेला पत्रव्यवहार. याच मालिकेचे बाकीचे खंड पणजीला आहेत. शिवाजीमहाराज त्या काळच्या पोर्तुगीज कागदांत 'सेव्हाजी' म्हणून भेटतात, वसई 'बासाइं' म्हणून. चौल, वसई, साष्टी वगैरे मिळून 'उत्तर प्रांत' म्हणायचे; १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्याची पोर्तुगीज बाजू याच दप्तरांत आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालवून पोर्तुगीज-मराठा संबंधांवर जे काम करून ठेवलं, त्याचे दाखले लिस्बनचे इतिहासकार आजही देतात. नोव्हा विद्यापीठाचं मानव्यविद्या केंद्र, 'शां', या साम्राज्याच्या इतिहासावर भरपूर काम करतं.

मैत्रिणीला माझा एकच आग्रह: येण्याआधी मोडी शिका. पोर्तुगीज हस्तलेख वाचणारे इथे पुष्कळ आहेत, मोडी वाचणारे पुण्यात आहेत. दोन्ही वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. एकाच तहाबद्दल एका बाजूचा कागद लिस्बनला आणि दुसऱ्या बाजूचा पेशवे दप्तरात, अशी स्थिती असताना दोन्ही वाचता येणाऱ्या मुलीला मार्गदर्शक शोधत फिरावं लागणार नाही.

भाषाशास्त्रात तर आपला रायगड जिल्हा इथपर्यंत पोचलाय. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वाडीत बोलली जाणारी पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली, तिला तिथले लोक 'नौ लिंग' म्हणतात, आणि दीवची बोली. भारतातल्या अशा बोलींवर लिस्बन विद्यापीठात वर्षानुवर्षं काम चालू आहे. आपण रोज चावी, पगार, घमेलं, बिजागरी म्हणतो, तेव्हा त्याच देवघेवीची दुसरी बाजू तोंडात घोळवत असतो.

आणि तुम्हा दोघींना एकत्र बसवणारा एक माणूस आहे: गार्सिया द ओर्ता. लिस्बनच्या विद्यापीठात शिकवणारा हा वैद्य १५३४ मध्ये भारतात आला, गोव्यात राहिला, आणि १५६३ मध्ये त्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवरचे आपले संवाद गोव्यातच छापले. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. आंब्यावरच्या संवादात मुंबईहून त्याचा कुळकरी आंब्यांची करंडी घेऊन येतो. चारच वर्षांत त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप युरोपात पोचला. ओर्ता मुळात ज्यू घराण्यातला. मरणानंतर बारा वर्षांनी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. आज पोर्तुगालमध्ये त्याच्यावर वनस्पतिशास्त्रज्ञ, औषधशास्त्राचे इतिहासकार, ज्यू इतिहासाचे अभ्यासक आणि भाषातज्ज्ञ असे सगळे काम करतात. पण त्याने नोंदलेल्या देशी नावांशी कोकणातली आजची झाडं पडताळून पाहायची, तर ती झाडं लहानपणापासून पाहिलेला माणूस हवा. तिथे तुमचा हात कुणी धरणार नाही.

मानव्यविद्या आणि विज्ञान यांची सरमिसळ हा या देशाचा मला सर्वांत आवडणारा गुण आहे. १ नोव्हेंबर १७५५ चा लिस्बनचा भूकंप घ्या. सणाचा दिवस, चर्च भरलेली, मग धक्का, लाटा आणि आग. त्यानंतर मंत्री पोंबालने गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की ओसरला, माणसं किती मेली. ती उत्तरं आजचे भूगर्भशास्त्रज्ञ वाचतात, कारण नैर्ऋत्येकडच्या समुद्रतळावरचा नेमका कुठला भाग हलला हे अजून पक्कं ठरलेलं नाही. पुनर्बांधणीत भिंतींच्या पोटात फुलीच्या आकाराचे लाकडी सांगाडे घातले, त्याला 'गायोला', पिंजरा म्हणतात. लिस्बनचे स्थापत्य अभियंते तशा भिंती बांधून त्यांच्यावर भूकंपासारखा भार देऊन तपासतात. आपल्याकडे किल्लारी पाहिलेल्या माणसाला यातलं मोल वेगळं सांगायला नको.

कोइंब्रात तर नाव, वय आणि मरणाचं कारण नोंदलेल्या सुमारे पाचशे सांगाड्यांचा संग्रह आहे, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. हाडावरून रोग किंवा वय ओळखायची पद्धत बरोबर आहे की नाही, हे तपासायला जगभरचे न्यायवैद्यक अभ्यासक तिथे येतात. त्याच गावात साहित्याचे अभ्यासक आणि संगणकवाले यांनी मिळून कवी फर्नांदो पेसोआच्या विखुरलेल्या गद्य-तुकड्यांचं डिजिटल भांडार केलंय. कवी मेला तेव्हा पेटीत पंचवीस हजारांहून जास्त कागद ठेवून गेला, क्रम न लावता. वेगवेगळ्या संपादकांनी लावलेले क्रम तिथे शेजारी-शेजारी ठेवून वाचता येतात. आणि नोव्हात एल्व्हिरा फोर्तुनातो यांच्या गटाने २००८ मध्ये कागदाचाच ट्रान्झिस्टर केला. पुढे त्या विज्ञानमंत्री झाल्या.

पॉलिटेक्निक म्हटलं की आपल्याकडे डिप्लोमा आठवतो. इथे तसं नाही. पॉलिटेक्निक ही पदवी आणि मास्टर्स देणारी उच्च शिक्षणाचीच दुसरी शाखा आहे आणि २०२३ च्या कायद्याने त्यांना पीएचडी देण्याची वाटही मोकळी झाली. ब्रागान्साच्या पॉलिटेक्निकचं डोंगरी प्रदेशांवरचं केंद्र चेस्टनट, रानभाज्या आणि अळंबी यांच्या रसायनशास्त्रात फार पुढे आहे. तोमारला वारसावस्तूंचं जतन शिकवतात. वनस्पतींच्या उपयोगाकडे कल असेल तर ब्रागान्सा नक्की पाहा, थंडी सोसायची तयारी ठेवून.

आता कठीण बाजू. पैसा कमी आहे आणि तो अनियमित येतो. पीएचडीची शिष्यवृत्ती, इथला शब्द 'बोल्सा', जास्तीत जास्त चार वर्षांची असते. त्यानंतर बहुतेकांचं आयुष्य करारांवर चालतं. माझे स्वतःचे तीन करार झाले. एकदा दोन करारांच्या मध्ये सात महिने पगार नव्हता आणि मी शिकवण्या घेऊन घरभाडं भरलं. लिस्बन आणि पोर्तोत खोलीचं भाडं बोल्साचा मोठा लचका तोडतं. एव्होरा, कोव्हिल्यां, ब्रागान्सा इथे त्या मानाने भाड्याची एवढी धास्ती नसते. जागा ठरवताना हेही विषयाइतकंच धरा. शिवाय २०२५ मध्ये सरकारने एफसीटी बंद करून नवी संस्था आणायचं जाहीर केलं, तेव्हा अर्ज भरायच्या वेळी कुणाच्या नावाने भरायचा ते ताजं पाहून घ्या.

शोधायचं कसं, ते सांगते. 'आरसीएएपी' नावाचं मोफत पोर्टल आहे, देशातल्या जवळपास सगळ्या विद्यापीठांची भांडारं त्यात एकत्र शोधता येतात. कायद्याने प्रबंध जमा करणं बंधनकारक असल्यामुळे खजिना मोठा आहे. शोध पोर्तुगीज शब्दाने घ्या: कॉर्क ओक नको, सोब्रेइरो. इंग्रजी गोषवारा बहुधा असतोच. एक घोळ टाळा: इथे 'दिसेर्तासाओ' म्हणजे मास्टर्सचं काम आणि 'तेझ' म्हणजे पीएचडीचं. मास्टर्स करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी लिहावं लागतं, त्यामुळे यादी अफाट लांब दिसते आणि दर्जा वरखाली असतो. फक्त पीएचडीचे प्रबंध गाळून घ्या. मग तुमच्या विषयातले गेल्या आठ वर्षांतले वीस प्रबंध काढा आणि मार्गदर्शकाचं नाव कितीदा येतं ते मोजा. आभाराचं पान जरूर वाचा: तिथे शिष्यवृत्तीचा क्रमांक असतो. जुन्या प्रबंधांत तो 'एसएफआरएच/बीडी'ने सुरू होतो. ज्या मार्गदर्शकाच्या चार-पाच विद्यार्थ्यांकडे असे क्रमांक आहेत, त्याला निधी मिळवता येतो आणि विद्यार्थी शेवटपर्यंत नेता येतो, हे तुम्हाला कुठल्याही क्रमवारीपेक्षा नीट कळेल.

मग त्या मार्गदर्शकाला पत्र लिहा, इंग्रजीत चालेल, पण त्यांच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातल्या एका प्रकरणाबद्दल नेमका प्रश्न विचारून सुरुवात करा. ऑगस्टमध्ये पाठवू नका. तो महिना सगळा देश सुट्टीवर असतो आणि पत्र तळाशी जातं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवा, उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी पुन्हा पाठवा. इथे दुसरं पत्र कुणी उद्धटपणा समजत नाही.

पोर्तुगीज आजपासून शिकायला घ्या, रोज अर्धा तास. तुमच्या मैत्रिणीला तर त्यावाचून गत्यंतर नाही, आणि तुम्हाला आलेंतेजूच्या शेतकऱ्याशी झाडाखाली बसून बोलायचं आहे.